पायाळूची लाथ

सोजराबाई उंबऱ्याशी पालथी पडली आणि भागूबाईनं डावा पाय तिच्या कमरेवर ठेवला.

"नवऱ्याच्या लाथेपरीस माझी बरी का न्हाई?"

"त्याची मागावी तरी लागत न्हाई," सोजरा जमिनीशीच हसली.

भागूबाई पायाकडून जन्मलेली, म्हणून पायाळू. कमरेत उसण भरली, की शिरड शहापूरचीच काय, आसपासच्या खेड्यांतली माणसंही तिची लाथ कमरेवर घ्यायला दारात येत. त्या काळी पायाळूला मोठा मान. सोजरा तर तिची लहानपणची सोबतीण. पोळ्यापासून दर रविवारी ती इथं येऊन पडत होती. कळ कमरेतून निघायची ती थेट टाचेपर्यंत जायची. उजव्या पायातली चप्पल वाटेत निघून पडते आन् मला कळत न्हाई, हे तिनं भागूला पोळ्याच्या दिवशीच सांगितलं होतं. आता दिवाळी तोंडावर आली होती.

तीन लाथा झाल्या. सोजरानं उठायला हात वर केला. भागू वाकली नाही. पाठ ताठ ठेवून ती गुडघ्यांत हळूच खाली बसली. सोजरानं आधाराला तिची कंबर धरली, तर लुगड्याखाली बोटांना काहीतरी जाड, कडक लागलं. मधे बक्कल.

"हे काय गं?"

"पट्टा."

"कशाचा?"

भागूबाईनं अंगणाकडं पाहिलं. तिथं म्हातारा सटवाजी बाजेवर आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. ती आवाज खाली आणून म्हणाली, "हिंगोलीच्या डाक्टरनं देला. फोटू काढला त्यानं पाठीचा. दोन मणक्यांच्या मधी गादी ऱ्हाते म्हणे. ती सरकली का नस दाबते. कमरेत वाकायचं न्हाई, वझं उचलायचं न्हाई. आखाडात गेल्ते मी."

"म्हंजी पोळ्याच्या आधी."

"व्हय."

"आन् पाय बधिर झाला तर? त्याचं काय म्हणला?"

भागूबाई लुगड्यावरूनच बक्कल चाचपू लागली.

"भागू, तुला इचारून राहिले मी."

"त्याच दिशी या म्हणला. उशीर झाला, तर पाय माघारी येत न्हाई."

सोजरानं आपल्या उजव्या पायाकडं पाहिलं. अंगठा वर उचलू गेली. तो हलला नाही. पुन्हा जोर केला. नाहीच.

"मला काहून सांगितलं न्हाईस?"

"तुला सांगितलं आसतं, तर गावाला कळलं आसतं. पायाळूचीच कंबर गेली म्हणल्यावर कोण येईल माझ्याकडं? लेकरू न्हाई, बाळ न्हाई. हे चार लोक दारात येतात, तेवढंच हाय मला."

"मी बी त्या चार लोकांतच का?"

भागूबाईनं हात पुढं केला. सोजरानं तो घेतला नाही. चौकटीला धरून ती आपली आपण उठली आणि पाय ओढत अंगणात आली.

सटवाजी कमरेवर हात देऊन उभा राहिला. "काय सोजराबाई, आला का गुण?"

सोजरानं मागं वळून पाहिलं. भागूबाई पदर कमरेभोवती आवळून घेत होती.

"गुण हिंगोलीत हाय, मामा," सोजरा मोठ्यानं म्हणाली. "भागूला वाट ठाव हाय."