डाव्या दारावरची रेघ

"सर्वांच्या माहितीसाठी : थोरलीने काल गाडी फाटकाला घासली. डाव्या मागच्या दारावर खोल ओरखडा. सबब चावी यापुढे माझ्याकडे राहील."

रविवारी सकाळी घराच्या ग्रुपवर प्रसिद्ध झालेल्या या निवेदनात विधाने तीन होती. त्यांपैकी शेवटचे तेवढे निर्विवाद होते. चावी बाबांच्या खिशात होती. उरलेल्या दोहोंना आधार होता दारावरच्या वीतभर पांढऱ्या रेघेचा, आणि रेघेला आधार होता बाबांच्या खात्रीचा. फाटक हिरवे, गाडी निळी. हिरव्याने निळ्यावर पांढरे कसे उमटवले, असे थोरलीने विचारून पाहिले.

"तो खालचा प्राइमर आहे," बाबा म्हणाले. "रंग निघाला की तोच दिसतो. वाचत जा जरा."

ती रेघेवरून नख फिरवायला वाकली.

"हात लावू नकोस. आणखी वाढवशील."

बाबा निवृत्त लेखापरीक्षक. दुसऱ्यांच्या चुका हुडकण्यात हयात गेली की स्वतःच्या चुकीसाठी सवड उरत नाही. शिवाय या घरात पूर्वदाखला होता. मागच्या वर्षी धाकट्या चिरंजीवांनी बंपर विजेच्या खांबावर आपटला, तेव्हा याच ग्रुपवर आले होते : "खांब फारच पुढे आलाय." खांबावर कारवाई झाली नाही. धाकट्यावरही नाही. न्यायदेवता आंधळी असते म्हणतात. या घरातली एकाच डोळ्याने अधू होती, आणि कोणत्या, हे थोरलीला लहानपणापासून पाठ होते.

सोमवारपासून तिची नवी नोकरी सुरू होणार होती. जागा शहराच्या दुसऱ्या टोकाला, वेळ पहाटेची, पहिली बस सुटण्याच्याही आधीची. चावी नाही म्हणजे नोकरी नाही, हे बाबांना ठाऊक होते. ती नोकरी त्यांना मुळातच पसंत नव्हती, हा निव्वळ योगायोग.

दुरुस्ती घरीच करायची ठरली. बाबांनी तीन-चार व्हिडिओ पाहिले. त्यांतला प्रत्येक व्हिडिओ गाडी धुण्यापासून सुरू होत होता. तेवढा भाग त्यांनी पुढे सरकवला. अहवालात पहिल्या पानावर आभारच असतात, हा त्यांचा अनुभव. मग दारापाशी स्टूल आले, रद्दी पसरली गेली आणि तीवर शस्त्रक्रियेच्या थाटात मांडामांड झाली : मास्किंग टेप, पॉलिशपेपर, प्राइमर, आणि 'हुबेहूब मूळ रंग' असे छापलेली निळ्याची इवलीशी बाटली.

"अहो, आधी ओलं फडकं तरी फिरवा," आई पायरीवरून म्हणाली.

"अगं, ही काय ताटली आहे? खोल गेलंय ते."

आईने फडके कठड्यावर ठेवले आणि ती तिथेच बसली. संसारात तिने बरीच फडकी अशीच ठेवली होती.

बाबांनी रेघेभोवती टेपची चौकट केली. रेघेची दोन्ही टोके टेपखाली गेली. मग पॉलिशपेपर चालू लागला. पहिल्याच हातात रेघ नाहीशी झाली.

"बघ, कसं निघतंय!" बाबा खूष झाले. पण व्हिडिओतला माणूस बराच वेळ घासत होता, म्हणून त्यांनीही घासले. आधी चकाकी गेली, मग रंग गेला, मग खरोखरच प्राइमर दिसू लागला. तो करडा निघाला. ज्याची साक्ष सकाळी पांढरा म्हणून काढली होती, तो साक्षीदारच उलटला. पण परीक्षक रंगात आले होते.

बाटलीतला निळा बाटलीत असेपर्यंत हुबेहूब होता. दारावर तो सांडलेल्या शाईसारखा दिसला. बाबांनी दुसरा हात दिला. शाई दाट झाली. ओघळ आला, तो पुसला. पुसल्याचा डाग आला, तोही घासला. दुखणे वीतभर होते, औषध हातभर झाले.

"ये," शेवटी त्यांनी थोरलीला हाक मारली. "तुझं निस्तरायला माझी सकाळ गेली. बघ."

त्यांनी टेपचे टोक धरले आणि झोकात ओढले. टेप आली. तिच्याबरोबर रेघेचे उरलेले टोकही आले. टेपखाली दार निळे, गुळगुळीत, कालच्यासारखे चकाकत होते.

थोरलीने टेप त्यांच्या हातातून घेतली. डिंकाच्या बाजूला पांढरी भुकटी चिकटली होती. तिने कुंपणाच्या भिंतीकडे पाहिले. काल दुपारी बाबांनी स्वतः त्या भिंतीला सफेदी केली होती आणि मग शिडी काखेत मारून गाडीच्या डाव्या बाजूने आत नेली होती. शिडी घराच्या भिंतीला टेकून उभी होती. तिचे पाय अजून पांढरे होते.

"बाबा," ती म्हणाली, "ओरखडा टेपला चिकटून येतो का हो?"

बाबांनी टेप पाहिली, शिडी पाहिली, मग स्वतःचे निळे हात पाहिले. आई उठली आणि कठड्यावरचे फडके तिने त्यांच्या हातात दिले. त्यांनी हात पुसले, खिशातून चावी काढली आणि पुढे केली.

थोरलीने ती घेतली नाही. "आधी ग्रुपवर."

बाबा स्टुलावर बसले. त्यांनी लिहिले : "शिडी फारच लांब आहे." लेकीकडे पाहिले. खोडले. पुन्हा लिहिले, पुन्हा खोडले. अखेर जे प्रसिद्ध झाले, ते शब्दशः असे :

"काल दारावर ओरखडा नव्हता. माझ्याच शिडीची सफेदी होती. चावी थोरलीकडे राहील. ओरखडा आज पडला. म्हणजे, मी पाडला."