पाऊण तासात औरंगाबाद

मुंबईहून विमान सुटलं तेव्हा शेजारच्या माणसानं रामकिसनला सांगितलं, पाऊण तासात औरंगाबाद. रामकिसननं मान हलवली. त्याआधी दिल्लीहून मुंबईला दोन तास लागले होते.

त्याचा धाकटा भाऊ भुजंग दिल्लीत पुलाच्या कामावर होता. उंचावरून पडला आणि जागीच गेला. तार आली तसा रामकिसन परतूरहून रेल्वेनं निघाला, मनमाडला गाडी बदलली, दोन रात्री बसून दिल्लीला पोचला. परतीची विमानाची तिकिटं ठेकेदारानं काढून दिली. रेल्वेनं नेलं तर प्रेत टिकणार नाही, म्हणाला.

भुजंग खाली होता, सामानात. मुंबईला विमान बदलताना रामकिसननं काचेतून बघितलं. सुटकेसा चढल्या, त्यांच्या मागं पेटी चढली. तो उभाच राहिला, तेव्हा कुणीतरी त्याला पुढं चला म्हणून सांगितलं.

दिल्लीला जाताना त्यानं ठरवलं होतं, रडायचं ते येताना रडून घेऊ. आईला काय सांगायचं, त्याचाही विचार येताना करू. पण चहा आला, रिकामा कप कुणीतरी नेला, आणि विमान खाली उतरायला लागलं. इतक्या लवकर पोचायचं नव्हतं त्याला.

चिकलठाण्याच्या विमानतळावर चुलतभाऊ साहेबराव टेम्पो घेऊन आला होता. तिथून गावापर्यंतचा रस्ता विमानापेक्षा लांबला. रामकिसन मागं पेटीला टेकून बसला. तिथंही रडू आलं नाही. जालन्यात साहेबरावनं पाणी दिलं, ते तो प्याला.

घरापुढं सगळा गाव जमला होता. टेम्पो थांबला तशी त्यांची आई साळूबाई बायकांमधून उठून आली. ती रडेल म्हणून बायका थांबल्या होत्या. ती रडली नाही. तिनं पेटीवर हात ठेवला आणि रामकिसनकडे बघितलं.

"इमानात तू त्याच्याजवळच बसल्ता ना?"

साहेबराव टेम्पोचा मागचा फाळका खाली सोडत होता. त्याचा हात थांबला.

"हौ," रामकिसन म्हणाला. "शेजारीच होतो."

"कधी बसला न्हवता त्यो इमानात. भ्याला न्हाई ना?"

रामकिसन खाली उतरला.

"न्हाई, माय. लई जल्दी आलो. भ्यायला येळच भेटला न्हाई."

साळूबाईनं मान हलवली. मग तिनं पदर कमरेला खोचला आणि पेटी उचलायला गडीमाणसांमध्ये जाऊन उभी राहिली.