दोन बोटं बाहेर

“सर, तुम्ही एवढं भारी शिकवता, मग स्वतः का नाही मोठे खेळाडू झालात?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, मग मी कसली मागे हटतेय! कॉलेजचे टेनिस कोच विखुरलेले बॉल बादलीत भरत होते.

“कॉलेजच्या फायनलला अंपायर नव्हता. आपल्या बाजूला पडलेल्या बॉलचा निर्णय आपणच द्यायचा, असा नियम. माझा शेवटचा बॉल रेषेवर पडला. समोरचा ‘आउट’ म्हणाला. कप त्याला, विद्यापीठाच्या संघात निवडही त्याची. मी तेव्हापासून इथे बॉल वेचतोय,” सर हसत म्हणाले. त्या समोरच्याचं नाव मात्र काही केल्या सांगेनात.

रात्री जेवताना मी ही गोष्ट अगदी हातवारे करून सांगितली. आई हळहळली.

बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, “रेषेवर कुठला? चांगला दोन बोटं बाहेर होता.”

आईचा वाढता हात थांबला. शोकेसमधला बाबांचा कॉलेजच्या फायनलचा कप मी लहानपणापासून दर रविवारी पुसत आलेय.

 

“आई, बाबा, उद्या तो कप मी सरांना देऊन येणार आहे.”