हाक मारून बघू

नव्या देशात भाड्याचं घर घ्यायचं होतं. एजंटने दोन वस्त्या सुचवल्या होत्या आणि कुठली ते संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. पहिल्या, झकपक वस्तीत आई-बाबा घर बघायला वर गेले आणि लेकीने खाली रस्त्यावर उभं राहून घसा मोकळा करून हाक मारली, “आईऽऽ.” समोरच्या खिडकीतला पडदा तेवढा सर्रकन बंद झाला. बाबा धावत खाली आले. “अगं, शोभतं का हे? चौदा वर्षांची घोडी झालीस.”

दुसरी वस्ती जुनी, जिने अरुंद, बाबांच्या ऑफिसपासून लांब. त्यांनी आधीच नाक मुरडलं होतं. वर आई ओट्याची उंची बघत होती, तेवढ्यात खालून पुन्हा तीच हाक, पहिलीइतकीच खणखणीत. या वेळी समोरच्या तीन खिडक्या उघडल्या. एकीच्या हाताला साबणाचा फेस, एकीच्या कडेवर बाळ, आणि चष्मा कपाळावर चढवलेली एक आजी तर तिच्या भाषेत काहीबाही विचारत थेट खालीच उतरली.

बाबांनी खाली येऊन कपाळाला हात लावला. “अख्खी गल्ली गोळा केलीस. झालं समाधान?”

“झालं,” आजीकडे बघून हसत ती म्हणाली. “तुम्ही ऑफिसात, मी शाळेत. आई दिवसभर घरात एकटी, आणि तिला इथल्या भाषेतला एक शब्द येत नाही. तिने हाक मारली तर कोण येईल, ते बघत होते.”