तक्रारीआधीचा दत्ताराम

दत्तारामचं तेरावं अर्ध्यावर टाकून सुलक्षणा कारखान्याच्या फाटकाशी धावत आली, कारण कंपनीने त्याला क्लाउडमधल्या बॅकअपवरून पुन्हा घडवलं होतं आणि तो पहिल्या पाळीला निघाला होता. तेच डोळे, तीच चाल. फक्त हातांवर भाजल्याचा एकही जुना डाग नव्हता.

“अहो, त्या बॉयलरकडे जाऊ नका! त्याच्याच स्फोटात गेलात तुम्ही. तक्रारसुद्धा तुम्हीच केली होती.”

“कसली तक्रार? बॉयलर ठणठणीत आहे, सुलू,” तो हसला.

तेव्हा तिला उमगलं की कंपनीने तक्रारीच्या आदल्या दिवसाचा दत्ताराम निवडून परत आणला आहे.

“बॉयलर बदललात का?” तिने फाटकाशी उभ्या असलेल्या व्यवस्थापक पेंडशांना विचारलं.

“आता त्याची गरजच काय, वहिनी? आज सकाळीच यांचा नवा बॅकअप घेतलाय.”

“मेल्यांनो, माणूस पुन्हा पुन्हा जाळायची सोय केलीत!” तिने दत्तारामचा सदरा घट्ट धरला.

दत्ताराम शरमला. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली, पेंडशांपुढे हात जोडून तिच्या वतीने माफी मागितली आणि तो आत गेला.