आईची पाळी

केतकीने पुन्हा खुर्ची बदलली. समोरचा पडदा अजून काळाच होता. शेजारच्या खोलीत कुणाचे तरी दिवंगत वडील खो खो हसत होते. स्मृतिभवनात जतन केलेली सगळी दिवंगत माणसं एकाच यंत्रावर आळीपाळीने पडद्यावर जागी व्हायची. केतकीची आई मात्र केतकीच्या लग्नाला पडद्यावर आली नाही, केतकीच्या लेकीच्या बारशालाही नाही. दर वेळी एकच उत्तर मिळायचं, की पाळी यायचीय.

“बिघाड असेल तर तसं सांगा,” ती यंत्र सांभाळणाऱ्या दाभाड्यांवर चिडली.

दाभाडे चाचरले. “बिघाड नाही, ताई. मी आज आत बघितलं. पाळी त्यांची रोज येते. पण मागे कुणी थांबलेलं दिसलं, की त्या म्हणतात, तुमचं होऊ द्या आधी. पाळी सोडायची मुभा आम्हीच ठेवलीय.”

सगळ्यांची पानं उठल्यावर, उरलेली आमटी घेऊन बसणारी आई केतकीला आठवली.

“काढा ती मुभा. आत्ताच्या आत्ता.”

पडदा उजळला. आई पदराला हात पुसत होती. पाळीच न घेतल्यामुळे तिच्या लेखी मधला काळ गेलाच नव्हता. केतकीच्या पांढऱ्या केसांकडे ती बघत राहिली.

“एवढी कशी गं थकलीस?”

केतकीने पडद्यावर हात टेकला. आईची चुळबुळ सुरू झाली. तिने मागे वळून पाहिलं.

“पटकन बोल, बाळा. माणसं खोळंबलीत.”