गुडघ्यावरची बोटं

मुलीची बोटं पुन्हा हलली. उजवा हात टेबलाखाली, गुडघ्यावर, आणि चार टिचक्या. तुर्दुबेकांनी नीट मोजल्या.

मग बेगायिमने दुसऱ्या खळग्यातल्या गोट्या उचलल्या आणि पटावर एकेक टाकत गेली. चारचा आणि दोनचा काही मेळ बसेना. म्हणजे खुणा साध्या नव्हत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की.

नारीन शहराच्या सांस्कृतिक भवनात मुलांची तोगुझ कोरगोलची स्पर्धा चालू होती. प्रत्येकाचे नऊ खळगे. ज्याच्याकडे शेवटी जास्त गोट्या, तो जिंकला. पहिल्या येणाऱ्याला बिश्केकच्या निवासी क्रीडाशाळेत प्रवेश मिळणार होता. जागा एकच.

तुर्दुबेक एकोणीस वर्षं मुख्य पंच होते. यंदा त्यांची नात आकमोर खेळत होती. चार वर्षांची असल्यापासून त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिचे सामने दुसऱ्या पंचाकडे सोपवून ते मोकळे झाले होते. तिच्या टेबलाकडे ते नजरसुद्धा वळवत नसत. उगाच कोणी बोट दाखवायला नको.

त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बघायला बेगायिमच उरली होती. वय अकरा. पट हातात घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि पहिले दोन्ही डाव जिंकून ती आकमोरच्या शेजारच्या टेबलावर येऊन बसली होती. जिंकणारे पुढे सरकत, तसा नियमच होता. तिची आई गुल्झात जुन्या सिनेमाघराच्या तळघरात व्हिडिओ गेमचा क्लब चालवायची. तारा, कानात घालायची यंत्रं, सगळं घरचंच.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी गुल्झातला गाठलं.

"दिवसाला किती वेळ खेळते ती?"

"एक तास. क्लबची किल्ली माझ्याकडे असते, बाइके," थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणत गुल्झात हसली. "त्या गेममध्ये वीस गोष्टी एकदम धावत असतात. कोण कुठून येतंय, आपल्याकडे काय उरलंय, सगळं ध्यानात ठेवावं लागतं. शिवाय जोडीने खेळायचं. जोडीदारीण अडकली की आमची बाई आधी तिला सोडवणार, मगच पुढे जाणार. पूर्वी चार वस्तू आणायला पाठवली की दोन विसरून यायची. आता दुकानदाराचा हिशेब चुकला तर हीच सांगते."

"डोकं मेंढरांमागे फिरून तयार होतं."

"मग माझा नवरा आज प्रोफेसर असता, बाइके."

तुर्दुबेकांनी चहा तसाच ठेवला. खिडकीपाशी आकमोर त्याच बेगायिमबरोबर एका रुमालातले तळलेले बोरसोक खात होती. त्यांनी नातीला हाक मारली.

"कोण गं ती तुझी?"

"कुणी नाही, अता," ती आजोबांना म्हणाली. "जुन्या सिनेमाघरात आमच्या इंग्रजीच्या क्लासच्या खाली असते."

"लांब राहा तिच्यापासून."

चौथ्या डावाआधी त्यांनी सगळ्यांचे फोन पेटीत टाकायला लावले. गुल्झातला बाहेर बसवलं. एका शिक्षिकेने बेगायिमच्या वेण्या उचलून कान तपासले, बाह्या वर करायला लावल्या. हॉलभर कुजबुज झाली. मुलीचे डोळे भरून आले.

"मला कोणीच काही सांगत नाही, अता. शपथ."

"मग बोटं का नाचतात?"

तिने मान खाली घातली. "सवय आहे. गेमची."

डाव सुरू झाला आणि बोटंही सुरू झाली. पाच टिचक्या, तिने नववा खळगा खेळला. तीन टिचक्या, तिने पहिला. तुर्दुबेकांनी खिडक्या पाहिल्या, बाकं पाहिली, स्टोव्हपाशी ऊब घेत बसलेल्या म्हाताऱ्यांचे चेहरे पाहिले. कोणीच तिच्याकडे बघत नव्हतं. ती मात्र जिंकली.

उपांत्य फेरीला दोनच पट उरले. एका पटावर बेगायिम आणि कोचकोरचा एसेन, दुसऱ्यावर आकमोर आणि एक उंच मुलगा. कष्टाने शिकलेल्या एखाद्या पोराची जागा ही लबाडी करून नेणार, या विचाराने तुर्दुबेकांचा जीव जळत होता. त्यांनी ठरवलं.

"हा पट उचला. आम्ही वाचनालयात खेळवतो."

"का?" बेगायिम दचकून उभी राहिली. "इथेच खेळू द्या ना."

तेवढ्याने त्यांची खात्री पटली.

वाचनालयाचं दार त्यांनी आतून लावलं. आत ते, दोन मुलं आणि कपाटं. बेगायिमची बोटं गुडघ्यावर गप्प पडून राहिली. एकही टिचकी नाही. सापडलीस, तुर्दुबेक मनात म्हणाले. सांगणारा हॉलमध्येच होता तर.

पण बेगायिम खेळत राहिली. आधीपेक्षाही भराभर. गोट्या उचलायची, टाकायची आणि दाराकडे बघायची. वीस मिनिटांत एसेनने हात टेकले.

तुर्दुबेकांना स्वतःची लाज वाटली. भर हॉलमध्ये एका लहान पोरीच्या वेण्या उचलायला लावल्या होत्या त्यांनी.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले. "हे डोकं तुझंच आहे. मी सगळ्यांसमोर सांगतो, चल."

"लवकर चला, अता," ती म्हणाली.

तिच्या खांद्यावर हात ठेवून ते हॉलमध्ये आले. आकमोरचा डाव अजून चालूच होता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी तिच्या पटाकडे पाहिलं. तिच्या बाजूला मोजक्याच गोट्या उरल्या होत्या. समोरचा मुलगा मागे रेलून जांभई देत होता. आकमोरचा हात पटावर अधांतरी थांबला होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

तिने मान वर केली. आजोबांकडे तिचं लक्षच गेलं नाही. बेगायिम दिसली आणि तिचा अडकलेला श्वास सुटला.

त्यांच्या शेजारी बेगायिमची बोटं कोटावर हलली. तुर्दुबेकांनी सवयीने मोजलं. सहा.

आकमोरने सहाव्या खळग्यातल्या गोट्या उचलल्या.